दूध संघाचं काचेचं भगुणं

पाण्याच्या टँकरच्या रांगेत पुढं विमल, तिच्यामागं तुळजाबाई.

"दूध संघानं वाटलेलं काचेचं भगुणं वापरलं का गं?"

"आजच काढलं, आक्का. काल्याचं कीर्तन झालं की म्हाराज आमच्याकडंच जेवायला हायेत. सुनेला म्हणलं, वरण त्यातच शिजव चुलीवर."

"चुलीवर? अगं, माझं कालच फुटलं! गार पाण्याचा हबका बसला अन् पिठलं पार आढ्याला!"

"लागलं तर न्हाई ना?"

"पांडुरंगानं राखलं. पर समदं पिठलं उकिरड्यात. त्यातली काच दिसती का कुठं?"

"अगं बया! माझी घागर बघा!"

"नंबर आलाय तुझा! कुठं पळती?"

"म्हाराजांच्या ताटात काच वाढू का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "गेली ना ती? सरकवा तिची घागर."

"हात तर लावून बघ! आधी विमलची भरंल, मग माझी."