कूलरसमोरचा मोडेम

मोडेम म्याच कूलरसमोर ठेवला. दुसऱ्या कोणी नाई, म्या. आपल्या हातानं ठेवला, अन् खुशीनं ठेवला.

आता तुम्ही म्हणसान, हा माणूस कुठचा. तर माहा जन्म कोरपन्याकडचा, बाप दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचाले जाये. मी भद्रावतीले आलो अन् कोळसा खाणीत पंपावर लागलो. खाणीत पाणी भरते, ते उपसून बाहेर फेकायचं, रिटायर होईपर्यंत हेच काम. म्हणजे पाण्यापासून मशिनी वाचवण्यात माही जिंदगी गेली, अन् घरी येऊन म्या मशीनले पाणी पाजलं. लिहा, लिहा, मले काही शरम नाई.

आमच्याकडचा मे महिना तुम्हाले माहीत हाये. भिंतीले टेकलं का चटका बसते. एका दुपारी मोडेमले हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला. मले दया आली. म्हटलं, आपण कूलरसमोर पसरलो अन् हा बिचारा कोपऱ्यात उबून राह्यला. उचलला अन् कूलरच्या तोंडासमोर स्टुलावर ठेवला. बायको म्हणाली, काऊन हलवता, चालून राह्यला ना. म्या म्हटलं, तुले मशीनमधलं काय समजते. काही दिवस चांगला चालला बी, थंडगार. मले वाटलं आपण शोधच लावला.

अन् सुजाताच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी नेट गेलं.

सुजाता माही पोरगी. कॉलेज झालं तवापासून घरीच होती. अर्ज करे, परीक्षा देये, पण कोणी बोलावे नाई. जेवाले बसली का ताटाकडे नुसती पाहात राहे. बहुत मुश्किलीनं पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं, काम घरूनच करायचं, अन् इंटरव्ह्यू बी घरूनच, लॅपटॉपवर, अकरा वाजता. मोबाइलचं म्हणसान तर आमच्या घरांच्या लाइनीत रेंज टिकत नाई, बोलता बोलता माणूस तुटते.

मोडेमवरचा जो लाइट एका जागी जळाले पाहिजे तो मिचमिच करून राह्यला होता. बंद केला, चालू केला, पुन्हा बंद, पुन्हा चालू. सुजातानं वायफायचा डबा बाजूले काढला, लॅपटॉप वायरनं सरळ मोडेमले जोडला, तरी काही नाई. ती म्हणाली, बाबा, वायफायचा दोष नाई, केबलमधूनच काही येऊन नाई राह्यलं. केबलवाल्याले फोन लावला तर तो लग्नात. म्हणे, शेजारी पाहा चालू हाये का. शेजारच्या मडावीबाईकडे चालू होतं. केबलवाला म्हणे, मंग लाइन बरोबर हाये, बिघाड तुमच्याच घरात हाये. अन् फोन ठेवला.

आता समजदार माणूस आपलं घर पाहीन. मले काय वाटलं, त्याइचं चालू अन् आपलं बंद, म्हणजे त्याइनंच आपलं नेट ओढून घेतलं. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर एक छोटी पेटी हाये, खांबावरून एक केबल येते अन् तिथून दोन फुटतात, एक आमची, एक त्याइची. म्या पकड घेतली, स्टुलावर चढलो अन् तिन्ही वायरी खोलल्या. तिन्ही काळ्या. खोलल्यावर समजलं का कोणती कुठची होती ते आपल्याले माहीतच नाई. लावल्या मंग अंदाजानं.

आतून मडावीबाईचा आवाज आला, अगं बाई, माहं नेट गेलं.

काय सांगू तुम्हाले. आमचं एक घर बंद होतं, म्या दोन केली. सुजाता बाहेर आली, इस्त्रीचा ड्रेस घालून, केस बांधून. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली अन् रडाले लागली. तिची माय तिच्या पाठीवरून हात फिरवून राह्यली अन् माह्याकडे पाहेच ना. मले वाटलं, आज ही पोट्टी उठून आत गेली अन् लॅपटॉप बंद केला, तर पुन्हा कधी अर्ज करणार नाई. मी स्टुलावर, उन्हात, हातात पकड, उतराची हिंमत नाई.

मंग मडावीबाई आल्या. त्याइनं स्टूल धरला अन् म्हणाल्या, "भाऊ, खाली या. पोरीले चढू द्या."

सुजातानं डोळे पुसले. एकेक वायर हातानं मागेमागे धरत गेली, खांबावरून आलेली सापडली, ती तिच्या जागी लावली. मडावीबाईच्या मोडेमचा लाइट एका जागी जळाले लागला. आमचा तसाच मिचमिच. घरात येऊन तिनं मोडेममागची वायर फिरवून काढली, तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली अन् सारं ओलं. तिनं कूलरकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. बोलाले टाइम नव्हता. मडावीबाई म्हणाल्या, लॅपटॉप उचल अन् माह्या घरी चल. ज्या बाईले म्या मनातल्या मनात चोर ठरवलं, तिनंच टीव्ही बंद केला, गॅसवरचा कुकर उतरवला, पंखा पोरीकडे फिरवला. मले आत येऊ देलं नाई. मी बाहेर निंबाखाली.

नोकरी लागली. नवा मोडेम सुजाताच्या खोलीत हाये, दार लावून काम करते, सुखात राहो पोरगी. मी आपला दिवसभर ओसरीवर. पण त्या दिवशी आत काय झालं ते मडावीबाईनं मले मागाहून सांगितलं, त्या स्वयंपाकघरातून ऐकून राह्यल्या होत्या. इंटरव्ह्यूवाल्यानं विचारलं, घरून काम करताना नेट गेलं तर सगळ्यात आधी काय कराल. सुजाता विचार कराले बी थांबली नाई.

"सर, आधी बाबांना घराबाहेर काढीन."