सिग्नलला बंद पडणारी गाडी

गॅरेजच्या बाकावर नर्सबाई आपल्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. हातात वर्तमानपत्र होतं, पण कान शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे आणि त्यांच्या मेकॅनिककडे लागले होते.

“काका, गाडी ठणठणीत आहे. सिग्नलला ब्रेक दाबून थांबलात की पेट्रोल वाचवायला ती स्वतःच इंजिन बंद करते. ब्रेकवरून पाय उचलला की आपोआप सुरू.”

“होत नाही ना सुरू! मागून सगळे हॉर्न मारून जीव खातात.”

“तुम्ही मध्येच सीटचा पट्टा काढता का? पट्टा सुटला की तिला वाटतं, ड्रायव्हर उतरला. मग ती आपणहून सुरू होत नाही.”

“काढतात ना!” काकू म्हणाल्या. “इंजिन थांबलं की यांचा हात पट्ट्याकडे गेलाच. जुन्या गाडीची सवय. ती बंद पडली की हे उतरून ढकलायचे आणि मी सरकून स्टिअरिंगवर बसायचे.”

“क्लच मात्र झकास सोडायचीस हं. पण गाडी एकदा सुरू झाली की तू थांबायचीच नाहीस! मी आपला मागून धावतोय.”

“थांबले असते तर परत बंद पडली असती. आणि आरशात काय दिसायचात तुम्ही, लालबुंद!”

“काका, इथे बटण आहे. ते दाबून निघालात की इंजिन सिग्नलला थांबणारच नाही. दाबू?”

नर्सबाईंच्या गाडीची चावी कुणीतरी केव्हाच शेजारी आणून ठेवली होती.

“नको,” काकू म्हणाल्या, “थांबू दे तिला.”

“अगं, आणि सवयीनं पट्टा निघाला तर?”

“निघू दे. मी आहे ना सरकायला.”