उडी, धाव आणि तांबडी माती

— न्हाय आकारामकाका, पोरं आळशी झाल्यात असं म्हणू नका. बसल्याली दिसत्यात म्हणून आळशी? अवो, ते बसणंबी सरावातच धरल्यालं असतंय. टायरावरनं उडी, पाय टेकला की लगेच वर, आणि तसंच सुसाट त्या खांबापतोर — मग बसायचं, दम खायचा. दमल्याल्या पायानं मारली की ती उडी न्हाय, नुस्ता धपका. तुमी मारून बघा की एकदा — न्हाय, नको, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं, काकी मला घरात घ्यायची न्हाय. पण तालमीचा अध्यक्ष कट्ट्यावर येऊन बसला म्हणून मी पोरांस्नी उगंच पळवत ठिवणार न्हाय.

आणि दिवाळीनंतर तुमीच म्हणालासा न्हवं, सगळ्या पेठेसमोर — हुस्ना, आपला कृष्णात आता बॉलवर आधी पोचतोय. हेडिंगला राजवर्धन बाकीच्यांच्या वर दिसाय लागला. तवा कुणी इच्यारलं न्हाय, बाईमाणूस तालमीच्या गड्यांच्या फुटबॉल टीमचा सराव कसा घेतंय म्हणून. परवा मॅच हरली — हरली, व्हय, पोरं पाय ओढत पळत हुती, मीबी डोळ्यानं बघितलं — की लगेच आठवलं सगळ्यांस्नी, मी बाई हाय ते. आज कमिटी बसणार, मला काढणार. पण माझ्या उड्यांनी पोरं मंदावली असं कोण बोललं, तर ते मी ऐकून घेणार न्हाय.

मग कशानं मंदावली? सांगतो की. मॅच झाल्यावर पोरांनी बूट काढलं आणि मोज्यातनं तांबडी माती सांडली. ह्या मैदानात तांबडी माती हाय काय? आखाड्यातली माती ती — ताक, हळद, तेल घातल्याली — वासावरनं कळतंय. पहाटं तालमीत घाम गळंस्तोवर बैठका काढायच्या आणि त्याच पायानं इथं येऊन माझ्या उड्या, माझ्या धावा. बैठका वाईट न्हाईत. पण दोन्ही रोज? पायानं सावरायचं कवा? मला पोरं बोलली न्हाईत, का तर थोरल्यांस्नी न्हाय म्हणायची रीतच न्हाय तालमीत. आणि —

कोण काढाय लावतंय? ते मी न्हाय सांगणार. कोण का असंना. म्हातारं माणूस हाय, जल्म मातीत गेला, आता तालमीत कोण लंगोट कसत न्हाय, सगळी पोरं चड्डी-बूट घालून मैदानाकडं पळत्यात. जेवताना ताटात बघत बसतंय — हुस्ना, म्हंतंय, माझ्या हातात आता काय ऱ्हायलं न्हाय गं —

असं काय बघतासा? व्हय. अब्बाच. बाबालाल वस्ताद. कळलंच हाय, तर नीट ऐका. कमिटीत त्यांचं नाव निघायचं न्हाय. दुसरा कोण असता तर मीच पयलं बोंब मारली असती. बाप हाय म्हणून दोन दिवस गप बसलोय, आणि त्याची मला लाज वाटतीया, पण त्यांच्याकडनं तालीम काढून घेतली तर ते माणूस जगायचं न्हाय. आणि मला काढलासा तर बैठका तशाच चालणार, पोरांच्या पायांचं वाटोळं हुणार. म्हणून दोघांतलं कोणबी जाणार न्हाय.

कसं? आज कमिटीला तुमी पुढच्या मॅचपतोर थांबवा, आणि उद्या पहाटं मी तालमीत जाणार. आत. बाईनं आखाड्याकडं फिरकायचं न्हाय, ठावं हाय मला — ल्हानपणापासनं त्यांचा डबा दारातच ठिवत आलोय. उद्या आत जाणार आणि सगळ्या पोरांसमोर सांगणार, अब्बा, उड्यांच्या दिवशी बैठका बंद. ओरडतील. हात उगारतील. उगारू देत, मी हलणार न्हाय. ऐकतील ते — आणि पोरं गेली की मान खाली घालतील, हेबी ठावं हाय मला. म्हणून तुमी तिथं यायचं न्हाय काका. अध्यक्ष म्हणून न्हाय आणि दोस्त म्हणूनबी न्हाय. त्यांची खाली गेल्याली मान फकस्त त्यांच्या पोरीनं बघायची.

आता उठा. पोरं आली. आणि ती गाडी काढा तिथनं, धावायची वाट हाय ती.