एक मत कोणाचं?

मंडळी, ऐका! नामाचा गजर झाला, आता टाळ जरा मांडीवर ठेवा आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. तलवारीच्या जोरावर कोणी गादीवर बसला आणि माजला, तर त्याला आपण काय म्हणतो? हुकूमशहा! बरोबर. पण ज्याला आपणच निवडून दिलं, ज्याच्या गळ्यात आपल्याच हातांनी हार घातला, ज्याच्यावर अख्ख्या गावाचा जीव — असा माणूस हुकूमशहा असू शकतो का?

खांबापाशी बसलेले पाटील 'नाही' म्हणून मान हलवतायत. हलवा, हलवा! पण गोष्ट संपल्यावर मी पुन्हा विचारणार आहे, तेव्हा मान जपून ठेवा. आणि हो — इथले सरपंच पहिल्याच रांगेत बसलेत. सरपंच, रागावू नका बरं का! गोष्ट दुसऱ्या गावची आहे. हसले! सरपंच हसले! त्यांच्या मागचे सगळे लगेच हसले, तेही मी बघितलं.

तर हिवरखिंड नावाचं एक गाव. गावात खंडोबाचं देऊळ, आणि देवळात पूजेला रामलिंग गुरव. पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. सकाळी देवाला अंघोळ घालायची, बेल वाहायचा, भंडारा उधळायचा, आरतीला घंटा वाजवायची. बापाने हेच केलं, आज्याने हेच केलं. देवळाच्या मागेच दोन खोल्या, त्यात तो आणि त्याची बायको हौसा.

आणि गावाचे सरपंच कोण? उत्तमतात्या! अहो, काय सांगू तुम्हाला त्या माणसाचं! नळाला पाणी आणलं तात्यांनी. एसटी गावात वळवली तात्यांनी. कोणाच्या घरी मयत झाली की तिरडीला पहिला खांदा तात्यांचा. बाळंतीण अडली की दारात जीप तात्यांची. तीन वेळा सरपंच झाले, तिन्ही वेळा बिनविरोध. खोटं कशाला बोलू? माणूस कामाचा होता. रामलिंगाचंही त्याच्यावर प्रेम होतं. हौसाच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तात्या दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसून होते!

मग बिघडलं कुठे?

बिघडलं ग्रामसभेत. झालं काय — रामलिंग उठला आणि म्हणाला, "तात्या, नवी टाकी खालच्या आळीत बांधताय, पण वरच्या वस्तीला पाणी चढंल का?" साधा प्रश्न! तात्या खळखळून हसले. म्हणाले, "रामलिंग, तू घंटा वाजव. बाकीचं मी बघतो की!" सगळी सभा हसली. आणि मंडळी, रामलिंगही हसला! हसत हसत खाली बसला. घरी आला, ताटावर बसला, आणि न जेवताच उठला. हौसाने विचारलं, "काय झालं वो?" तो म्हणाला, "काय न्हाई. मी का हसलो, त्याचा विचार करतोय."

त्या दिवसापासून ग्रामसभेत प्रश्न बंद! तात्यांनी बंद केले? छे! तात्या कधी कोणाला 'बोलू नको' म्हणाले नाहीत. लोकांनीच विचारायचं सोडलं. सभा दहा मिनिटांत उरकायला लागली, आणि गावाला वाटलं, वा! काय एकी आहे आपली!

चौथी निवडणूक आली. यंदाही बिनविरोधच व्हायची, पण कोंडिबा नावाच्या एकाने कोणाशी तरी पैज लावून अर्ज भरला. गावाने डोळे वटारले. कोंडिबा घाबरला, अर्ज मागे घ्यायला तालुक्याला धावला, तर मुदत संपलेली! मशीनवर दोन नावं राहिली. बिचाऱ्याने काय करावं? 'मला मत देऊ नका हो' म्हणत दारोदार हात जोडत फिरला! असा उमेदवार बघितलाय कधी? सरपंच, तुमच्या नशिबी आला नाही ना असा?

मतदान झालं. मोजणी झाली. तात्यांना मतं अकराशे शेहेचाळीस. कोंडिबाला मत — एक!

गुलाल उधळला, हलगी कडाडली. कोंडिबाने तात्यांचे पाय धरले, "तात्या, आईची शपथ, म्यासुदिक तुमालाच दिलंय!" तात्यांनी त्याला उठवलं, पेढा भरवला. आणि पेढा भरवता भरवता हळूच म्हणाले, "मग ते एक कोणाचं रे?"

हलगी थांबली! अकराशे शेहेचाळीस माणसं बाजूला राहिली, आणि त्या एकाच्या मागे गाव लागलं. भाऊ भावाकडे बघायला लागला. सासू सुनेला विचारते, "तुजं बोट घसरलं न्हवं?" पारावर चार जण बोलत असले आणि पाचवा आला, की चौघे गप्प.

मग तात्यांनी देवळात गाव बोलावलं. आवाज कसा — लोण्यासारखा! "मला कोणाला त्रास द्यायचा नाही रे. माझ्याकडून कोण दुखावलंय, तेवढं कळू द्या. म्हणजे त्याची समजूत काढता येईल." किती मोठं मन! लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या भरात कोणीतरी ओरडलं, "बेल-भंडारा उचला! एकेकानं उचला!"

मंडळी, बेल-भंडारा उचलणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. देवापुढची शपथ! खोटं बोललं तर खंडोबा बघून घेईल. ताट कोणाच्या हातात? गुरवाच्या! रामलिंग ताट धरून गाभाऱ्याच्या दारात उभा राहिला. एकेक जण यायचा, बेलाचं पान नि चिमूटभर भंडारा उचलायचा, आणि म्हणायचा, "माझं मत तात्यांना!" दोन तास रांग चालली. रामलिंगाची नजर ताटावरून वर उठली नाही. लोकांना वाटलं, भक्ती!

ओळखलंत? अहो, ते एक मत त्याचंच होतं!

वैर होतं म्हणून दिलं का? नाही हो! मशीनपुढे उभा राहिला, तेव्हा त्याला ते हसणं आठवलं. मनात आलं, हे बोट माझं आहे की तेही तात्यांचंच झालंय, एकदा बघू या तरी. आणि दाबलं दुसरं बटण. तात्या पडावेत असं त्याच्या मनातही नव्हतं. आता जो ताट धरतो, त्याची शपथ कोण घेणार? सगळ्या गावाची तपासणी झाली, गुरव सुटला! त्याला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

पण शेवंता आडवी आली. शेवंता शिवणकाम करणारी, नवरा वारलेला, मशीनवर पोट. रांगेच्या शेवटी ती ताटापुढे आली आणि हात न लावता उभी राहिली. म्हणाली, "मी उचलणार न्हाई. मत गुपित असतंया. तुमाला दिलं असलं तरी सांगणार न्हाई, आन् दिलं नसलं तरी सांगणार न्हाई."

झालं! सापडली चोर! तात्या काय म्हणाले? "असू द्या, असू द्या, तिला कोणी काही बोलू नका." आणि खरंच कोणी बोललं नाही! एक शब्द नाही! गिरणीवाला तिचं दळण घेईना. शिवायला कपडा येईना. पंधरा दिवसांत तिच्या गल्लीचा नळ चार वेळा 'नादुरुस्त' झाला. तात्यांना विचारलं, तर तात्या म्हणाले, "मी कुठं काय सांगितलंय? लोकांचं प्रेम आहे. प्रेमाला मी कसा आवरू?"

पखवाजवाले बुवा, एक थाप द्या जोरात! इथे झोप चालायची नाही! मला सांगा मंडळी, ज्याला हुकूम सोडावाच लागत नाही, त्याला काय म्हणायचं?

रामलिंग हे रोज बघत होता. शेवंता डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला चालत जायची, देवळासमोरूनच. एक दिवस तो हौसाला म्हणाला, "सांगून टाकू का?" हौसाने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, "पूजा जाईल. ह्या खोल्या जातील. आपुन जायचं कुठं?" आणि मग तिनेच त्याचं धुतलेलं धोतर काढून पुढे ठेवलं.

रविवार होता. तात्या दर्शनाला आले, मागे गाव. आरती झाली. रामलिंगाने ताटातला बेल उचलला, भंडारा उचलला, आणि म्हणाला, "तात्या, खंडोबाची आण. ते मत माजं. शेवंताला सोडा."

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं — आणि पुढे होऊन त्याला मिठी मारली! "रामलिंग! खरं बोललास! जा, मी तुला माफ केलं!" टाळ्या! अहो, काय टाळ्या! बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. केवढा दिलदार आपला तात्या!

टाळ्या थांबेपर्यंत रामलिंग थांबला. मग आपल्या नेहमीच्या हळू आवाजात त्याने विचारलं, "तात्या, माफी कशाची? मी गुन्हा काय केला?"

तात्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. आणि टाळ्या वाजवणारे? सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

मग रामलिंगाला मारलं? हाकललं? छे छे! आठ दिवसांत त्याचा सत्कार ठरला! मांडव घातला. 'रामलिंगअण्णा थकलेत, त्यांना विश्रांती देऊ या.' तात्यांनी स्वतःच्या हाताने शाल पांघरली, नारळ दिला, आणि गाभाऱ्याची किल्ली प्रेमाने मागून घेतली. खोल्या रिकाम्या करायला महिनाभराची सवड दिली. रामलिंग शाल पांघरून मांडवाबाहेर आला, तर बाहेर एकटी शेवंता उभी. ती म्हणाली, "अण्णा, खरं सांगू? मी तात्यालाच दिलं हुतं मत." मग मांडवाकडे बघून म्हणाली, "पुढल्या खेपेला दोन पडतील."

संपलं आख्यान! आता तुम्ही सांगा. पाटील, मान हलवा! का हो, थांबलात का? निवडून येण्याने माणूस चांगला ठरत नाही, मंडळी, फक्त निवडून आलेला ठरतो. अकराशे शेहेचाळीस मतांचं तो काय करतो, ते विचारू नका. त्या एका मताचं काय करतो, तेवढं बघा. आणि तात्याला एकट्याला दोष देऊन घरी जाऊ नका. दळण नाकारणारे हात कोणाचे होते? टाळ्या कोणाच्या होत्या?

बरं, एक करा. त्या दिवशी देवळात असतो, तर मी टाळी वाजवली नसती, असं ज्याला वाटतं त्याने हात वर करा.

वा! बरेच हात आले. पण हात वर करण्याआधी तुमच्यातल्या कितीजणांनी सरपंचांकडे बघितलं, ते मी इथून उभ्याने बघितलंय! सरपंचांनीही बघितलं असणार. आता म्हणे कीर्तनानंतर माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार आहे — काय सांगू मंडळी, मला जरा धास्तीच वाटायला लागलीय. घ्या टाळ हातात, आणि देवाकडे एवढंच मागा: बाबा रे, आमचं बोट आमचंच राहू दे! बोला, विठ्ठल, विठ्ठल!