बांगड्याच्या दिवशी गिझरचा पंखा

नाही, एकाने तरी विश्वास ठेवला असेल तर सांगा. घरात पाच माणसं, आणि मी म्हणते, बाबांनो, मला आंघोळ करताना गरगरतं, डोकं ठणकतं, आणि ते पण फक्त मासळीच्या दिवशी, तर सगळे माझ्याकडे असे बघतात जसं काय माझ्या अंगात आलंय. मुलगा, राहुल, म्हणतो, "आई, बीपी." सून, अक्षदा, म्हणते, "आई, उपाशीपोटी आंघोळ नका ना करू." आणि आमचे हे, पेपरातनं मान वर न काढता, "वय झालं तुझं." वय झालं? बुधवारी आणि रविवारीच होतं काय हो वय? सोमवारी शंकराचा वार, भेंडीची भाजी, तेव्हा मी ठणठणीत! चौथी शिकलेय मी, पण वार कळतात मला.

तुम्हाला सांगते, आमचं घर भोईवाड्यात. जिथे आमची चाळ होती, तिथेच आता टॉवर. आमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर. गिझरच्या डोक्यावरनं पत्र्याचा पाइप बाहेर काढलेला आणि त्या पाइपात एक छोटा पंखा, ड्राफ्ट फॅन म्हणतात त्याला. गिझर पेटला की जळका गॅस त्याने ओढायचा आणि बाहेर फेकायचा. एवढंच त्याचं काम, दुसरं काही नाही. चाळीत आमच्याकडे काय होतं? बंब. तांब्याचा. सासूबाई चिंचेने घासायच्या, त्यात बघून कुंकू लावावं असा. गॅलरीच्या टोकाला ठेवायचा, लाकडाची बंबफोड घालायची, धूर निघाला की गेला आपल्या वाटेने, त्याला पंखा कोण लावतंय... डोळे चुरचुरायचे, पण चक्कर? कधी नाही. चाळीत दार बंद असायचं कुठे?

आणि मासळी म्हणाल तर बुधवारी अख्ख्या मजल्यावर तवे चढायचे. कुणाकडे बोंबील, कुणाकडे मांदेली, तिकडून कोणीतरी ओरडायची, "काय गो, बांगडे काय आज?" आणि सासूबाई इथनं ओरडायच्या, "ये गो, कालवण घेऊन जा." आता टॉवरमध्ये आलो तर बांगडा तळायचा म्हणजे चोरी करायची. अक्षदा आधी सगळ्या खिडक्या लावणार, मेन दाराखाली फडकं कोंबणार, मग शेगडीवरची ती धूर ओढायची चिमणी फुल्ल स्पीडला टाकणार. का? तर वरच्या मजल्यावरचे अण्णा. रिटायर माणूस, प्रभादेवीहून इथे राहायला आलेले. लिफ्टमध्ये आम्ही शिरलो की रुमाल नाकाला. बोलत काही नाहीत, नुसता रुमाल. त्या रुमालाच्या धाकात आमच्या घरात वर्षभर मासळीच्या दिवशी खिडकी उघडलेली नाही.

बरं, मी लावून धरलं म्हणून राहुलने फिटर बोलावला, राजेश. कधी बोलावला? सोमवारी. पुढच्या खेपेला? परत सोमवारी. कारण अक्षदाचं म्हणणं, "मासळीच्या दिवशी परका माणूस घरात नको हो आई, वास असतो." म्हणजे बघा, आजारी पडायचं बुधवारी आणि डॉक्टरला दाखवायचं सोमवारी! तो यायचा, खिडक्या सताड उघड्या, चिमणी बंद, बाथरूमचं दार उघडं, गिझर पेटवायचा, पाइपाच्या तोंडाशी कागद धरायचा, कागद फडफडला की म्हणायचा, "एकदम ओके आहे मावशी, पंखा मस्त फेकतोय." आणि राहुल माझ्याकडे बघून हसणार.

मी पण गप्प बसले असते हो. पण त्या रविवारी नात, श्रेया, केसांवरनं आंघोळ करून बाहेर आली ती भिंत धरत. ओठ पांढरे. म्हणते, "आजी, माझं पण डोकं दुखतंय." आणि अक्षदा काय म्हणाली असेल? "तुमचं बघून बोलते ती." माझं डोकं गेलं खड्ड्यात, पण पोरीचं?

बुधवार आला. इकडे बांगडे तव्यावर, चिमणी घों घों करतेय, खिडक्या बंद. वास मारायला मी बाथरूममध्ये अगरबत्ती खोचली, दार ओढलं आणि बादली भरायला गिझर लावला. आणि बघते तर काय, अगरबत्तीचा धूर पाइपाकडे जायचा सोडून मागे फिरला. सरळ दाराच्या फटीतनं स्वयंपाकघराकडे. जसं काय त्याला पण जेवायला बोलावलंय! गिझर बंद केला, बाहेर धावले, सगळ्या खिडक्या उघडल्या. अक्षदा म्हणते, "आई, वाऱ्याने हलला असेल धूर." वारा? अगं बाई, सगळं बंद करून बसलीस, वारा येणार कुठनं? चाळीत दार बंद असायचं कुठे, तिथे म्हणाली असतीस तर ऐकलं असतं मी.

मग मी बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसले. राहुलला म्हटलं, पोरीला आत सोडणार नाही, राजेशला आत्ता बोलाव, बांगड्यासकट. आला तो. म्हटलं, "आता तपास. सगळं बंद ठेवून, चिमणी चालू ठेवून तपास." गिझर लावून त्याने अगरबत्ती धरली आणि धूर थेट त्याच्याच तोंडावर. गिझर बंद केला, म्हणाला, "मावशी, चिमणी घरातली हवा ओढून बाहेर टाकते. मग आत हवा यायला दुसरी वाट नाही, म्हणून ती पाइपातनं उलटी येते, पंख्याला पण जुमानत नाही. सोबत गिझरचा गॅस. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस आंघोळीला जातो आणि झोपतो... उठत नाही." यांनी पेपर खाली ठेवला, लग्नानंतर पहिल्यांदा असेल.

त्याने पाइपाचे सांधे बंद केले, मोठा पंखा बसवला, पंखा फिरला नाही तर गिझर पेटणारच नाही अशी जोडणी केली, आणि परत अगरबत्ती लावून, चिमणी फुल्ल टाकून तपासलं. खिडकी उघडी ठेवली की धूर सरळ बाहेर. बंद केली की पाइपाच्या तोंडाशी घुटमळायचा. म्हणाला, "चिमणी चालू तर खिडकी उघडी. हे पाळायचं." अक्षदा पदराशी चाळा करत म्हणते, "पण अण्णा?"

राहुलला वर पाठवला, हात जोडून विचारून ये म्हटलं, खिडकी उघडली तर चालेल का. पाच मिनिटांत खाली आला, तोंड उतरलेलं. म्हणतो, "अण्णांना करोनापासून वासच येत नाही. रुमाल सायनससाठी. म्हणाले, बांगडे करता होय, मग एखादा वर पाठवा ना, निदान चव तरी लागेल."

वर्षभर! ज्याला वास येत नाही त्याच्या नाकासाठी आम्ही आमचा जीव कोंडून बसलो होतो. चाळीत असतो तर पहिल्याच बुधवारी कळलं असतं हो, कुणाचं नाक चालतं आणि कुणाचं नाही. चाळीत दार बंद असायचं कुठे?

आता तुम्हाला वाटेल, माझी कुणी माफी मागितली असेल. कसली माफी... श्रेया मजेत आंघोळ करते, खिडकी उघडी असते, आणि जेवताना आमच्यात रोज एकच चर्चा, की चूक कुणाची. राहुल म्हणतो राजेशची, राजेश तर जाताना म्हणून गेला, चिमणीवाल्याची, अक्षदा माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघते. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं. माणसाने नाक गेलंय हे शेजाऱ्यांना वेळेवर सांगायला नको? मग दोषी कोण? अण्णा.