आमच्या गल्लीचं मत

नाही नाही, बसा की, इथं दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवरच बसा — आत टीव्ही ओरडतोय, दिल्लीत राष्ट्रपती निवडताहेत ना! तुम्ही पुण्याचे, इकडं दक्षिणेत हस्तलिखितं वाचायला आलेले, तुम्हाला ठाऊक असणार. आपण थेट मत देतो का त्याला? नाही. आपण आमदार-खासदार निवडायचे, राष्ट्रपती ते निवडणार. नावापुढं आकडा — पहिली पसंती एक, दुसरी दोन. जन्मभर शाळेत शिकवलं मी हे! म्हणून आमच्या मराठी संघाच्या अध्यक्षालाही हीच रीत लावली, मीच लावली. दर गल्लीनं एक प्रतिनिधी द्यायचा, प्रतिनिधींनी अध्यक्ष निवडायचा, चिठ्ठी गुप्त, मागून कुणी कुणाला विचारायचं नाही. उभं कोण? मी, आमचा चिदंबर वकील, अन् हनुमंतराव — तोच हो, गल्लीगल्लीत केबल ओढणारा.

अन् आमच्या गल्लीनं प्रतिनिधी कुणाला केलं? अंबेला. माझ्या बायकोला! म्हटलं, हे मत तर घरचंच. मी बाकीच्या गल्ल्या फिरलो. दारोदार सांगितलं, पहिली नाही तर दुसरी पसंती तरी द्या की मला. अय्यो, काय माझी अक्कल! दिली की सगळ्यांनी. झाडून साऱ्या चिठ्ठ्यांवर माझ्यापुढं दोन. अन् एक? एकाही चिठ्ठीवर नाही. पहिली पसंतीच नाही त्याची दुसरी कोण मोजतो? फुलांचा हार हनुमंतरावाला, टाळ्या मीही वाजवल्या. चिठ्ठी गुप्त म्हणे! शून्यात काय लपतं हो?

बाकीच्यांचं सोडा, ते परके. पण ही — प्रचाराला निघालो की माझ्या खांद्यावरच्या अंगवस्त्राला इस्त्री करून द्यायची. मतदानाच्या सकाळी म्हणाली, छत्री घ्या, ऊन आहे. फसवलं हो मला माझ्याच घरानं. गल्लीतल्या बायकांनी सांगितलं असेल, हनुमंतरावालाच दे म्हणून — प्रतिनिधीनं गल्लीचं ऐकावं, हेही मीच शिकवलेलं. तसंच झालं असेल. की — की हिलाच मी नको होतो? एवढंच कळायला हवं मला. जेवण जात नाही. अन् विचारू कसा, नियम माझाच. तुम्ही पाहुणे, तुम्ही विचारा की सहज. पाहुण्याशी ती खोटं बोलायची नाही —

आण ग अंबा, इथं ठेव. काही नाही, पुण्याच्या गोष्टी चालल्यात.

— गेली आत. नका विचारू तिला. ऐकलंत? कॉफी प्या अन् निघा तुम्ही.