नववं मशीन

दातांच्या दवाखान्यात नेटवर्कचा मेकॅनिक नंबराची वाट बघत बसला होता. शेजारी एक बाई सुजल्या गालाने नणंदेशी तणतणत होती.

“पाणीपुरवठा ऑफिसात कॉम्प्युटरची मशिनं नऊ. मी पोरीला शाळेत सोडून येते, म्हणून माझं शेवटी चालू होतं. रोज पडद्यावर तेच, ‘जोडणी मिळत नाही’!”

“साहेबांना सांग ना, वहिनी.”

“सांगितलं की! उलट मलाच मेमो. म्हणे, कामचुकार!”

मेकॅनिकला राहवेना.

“ताई, ते जुनं नेटवर्क मीच बसवलंय. तेव्हा मशिनं आठ होती, म्हणून सेटिंगमध्ये जोडण्याही आठच ठेवल्या. नववं आणलंत तर तो आकडा वाढवावा लागेल, असं साहेबांना लेखी कळवलंय मी.”

“म्हणजे त्यांना ठाऊक होतं?”

“त्यांच्या सहीची पोच आहे माझ्याकडे.”

“आणि मी वर्षभर सगळ्यांसमोर मान खाली घालून बसतेय! आकडा वाढवायला किती वेळ लागतो?”

“पाच मिनिटं.”

“पाच मिनिटं!”

“वहिनी, तुझा नंबर आला. डॉक्टर बोलावतायत.”

“दाढ दुखतेय ती दुखू दे आणखी दोन तास. उठा हो दादा, आधी तुमच्या घरून ती पोच घेऊ. मग साहेबांकडे.”

मेकॅनिक आपला नंबर सोडून उठला.